खारे आणि गोडे : मालवणी किनाऱ्यावरच्या एका विशेषणाचा इतिहास

‘खारा’ हे विशेषण मराठीत सगळीकडे आहे, पण बहुतेक ठिकाणी त्याचे काम जेवणाच्या पानापुरते. दाणे खारे, बिस्कीट खारे, एवढ्यावर ते थांबते. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातल्या ‘खारपाणपट्ट्या’त त्याला भूगोल चिकटला आहे, आणि कोकणपट्टीत तर तो पूर्वीपासूनच आहे. देवगड, मालवण आणि वेंगुर्ला या तीन तालुक्यांच्या सुमारे १२१ किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर हे विशेषण पाण्याला लागते, जमिनीला लागते, वाऱ्याला, विहिरीला, मासळीला लागते. आणि प्रत्येक ठिकाणी त्यामागे वेगळा व्यवहार असतो. त्याच्या समोर उभे असते ‘गोडे’. इथल्या माणसाने साखरेला गोड म्हणण्याआधी पाण्याला गोडे म्हटले असावे, असे वाटण्याइतका या शब्दाचा पाण्याशी जवळचा संबंध आहे. किल्ला कुठे बांधायचा, भात कुठे लावायचे, जकात कशावर बसवायची आणि पावसाळ्यात काय खायचे, हे या किनाऱ्यावर शतकानुशतके खारे आणि गोडे यांच्या सीमेवर ठरत आले.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘क्षार’ हे आहे. क्षार म्हणजे मुळात मीठ नव्हे. वनस्पती जाळून तिच्या राखेतून काढलेला दाहक पदार्थ तो क्षार. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून त्याचा उपयोग सांगितला आहे. मिठाला संस्कृतात ‘लवण’ हा वेगळा शब्द होता. प्राकृतात क्षाराचा ‘खार’ झाला आणि त्यात राख, सोडा, मीठ असा सगळाच मामला एकत्र आला. जुना अर्थ मराठीत ‘पापडखारा’ने तेवढा जपला आहे, पापडखार खारट असतो, पण ते मीठ नाही. लवणही पुरते गेले नाही. ‘अळणी’ आणि ‘लोणचे’ हे त्याचेच वंशज.

मिठाची गोष्ट त्याहून चमत्कारिक आहे. ‘मीठ’ हा शब्द ‘मिष्ट’पासून आला आणि मिष्ट म्हणजे रुचकर, गोड. हिंदीत ‘मीठा’ गोडच राहिला, मराठीत त्याचा अर्थ फिरून अगदी दुसऱ्या टोकाला गेला, आणि गुजरातीत तर ‘मीठुं’ हा एकच शब्द मीठ आणि गोड असे दोन्ही अर्थ सांभाळतो. ज्याच्यामुळे अन्नाला चव येते ते मीठ, असा विचार या बदलामागे दिसतो.

मालवणीत विशेषण लिंगाप्रमाणे खारो, खारी, खारां असे चालते : खारो वारो, खारी माती, खारां पाणी. प्रमाण मराठीतला खारा आणि खारट यांच्यातला भेद इथेही पाळला जातो. खारट हा प्रमाणाचा दोष, खारा हा स्वभाव. आमटी खारट होते, समुद्र खाराच असतो. खारट झालेले दुरुस्त करता येते. खाऱ्याशी जुळवून घ्यावे लागते, नाहीतर त्याला बांध घालावा लागतो.

गावांची नावे पाहिली तरी ही विभागणी किती जुनी आहे ते कळते. मालवण या नावाची एक व्युत्पत्ती ‘महालवण’, म्हणजे मोठी खारी दलदल, अशी दिली जाते आणि एकोणिसाव्या शतकात निघालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही ती नोंदवली आहे. दुसरी लोकप्रिय व्युत्पत्ती ‘माडबन’ किंवा ‘माडवन’ अशी. दोन्हींपैकी कोणतीही घेतली तरी चित्र किनाऱ्याचेच उभे राहते, कारण माड हे खारी हवा आणि थोडे खारे पाणी सोसणारे झाड. माडाच्या खड्ड्यात मीठ घालण्याची चाल कोकणात जुनी आहे. देवगड तालुक्यात मिठबाव आणि मिठमुंबरी ही गावे आहेत. कणकवली तालुक्यात, विजयदुर्गच्या खाडीने समुद्रापासून बरेच आत गेल्यावर, खारेपाटण लागते. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथे वसलेले हे पाटण, म्हणजे बाजारपेठ. दक्षिण कोकणच्या शिलाहारांपैकी रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट इथेच मिळाला आणि शिलाहारांची व त्यांच्या राष्ट्रकूट अधिपतींची वंशावळ त्यातून इतिहासकारांच्या हाती आली. गलबते खाडीतून जेवढी आत येऊ शकत तिथे माल उतरायचा आणि पुढे बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. खारे पाणी संपते तिथे बंदर संपते आणि रस्ता सुरू होतो. खाडी गाळाने भरत गेली तसे खारेपाटणचे बंदर म्हणून महत्त्व ओसरले, नाव मात्र तसेच राहिले.

या विशेषणाचा सगळ्यात ठळक ऐतिहासिक उपयोग पाण्याच्या बाबतीत झाला. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त केला आणि तीन वर्षांत, १६६७ मध्ये, किल्ला उभा राहिला. बेट सुमारे ४८ एकरांचे. चारी बाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरी. ‘बाव’ म्हणजे विहीर, संस्कृत ‘वापी’चे मालवणी रूप. दूध, दही, साखर ही नावे त्या पाण्याच्या चवीचे कौतुक करतात हे उघड आहे; पण लष्करी दृष्टीने पाहिले तर ती त्या किल्ल्याच्या बळाची नोंद आहे. वेढा पडला की तट किती जाड आहे याआधी प्यायचे पाणी किती दिवस पुरेल हा प्रश्न येतो. मुरूडचा जंजिरा इतकी वर्षे अजिंक्य राहण्यात तिथल्या गोड्या पाण्याच्या तलावांचा वाटा होता, आणि सिंधुदुर्ग हा त्याच जंजिऱ्याला दिलेला जबाब होता.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीच्या त्या राजनीतीच्या ग्रंथात, किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, पाणी नसेल आणि जागा तर सोडता येत नसेल तर खडक फोडून तळी-टाकी बांधावीत, असा स्पष्ट उपदेश आहे. डोंगरी किल्ल्यावर पाणी आहे की नाही एवढेच पाहायचे. जलदुर्गावर प्रश्न दुहेरी होतो : पाणी आहे का, आणि ते गोडे आहे का.

समुद्राच्या मध्यावर गोडे पाणी कसे, याचे नवल पर्यटक आजही करतात. त्यामागचे गणित युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच अभियंता बादोन घायबेन आणि त्यानंतर जर्मनीत हेर्झबेर्ग यांनी मांडले. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतो. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. हे आदर्श, सच्छिद्र जमिनीचे गणित. खडकात भेगा जशा असतील तसे ते बदलते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो, त्यामुळे हा साठा दरवर्षी नव्याने भरतो. गणिताची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. वरची पातळी एक मीटरने उतरली तर खालून खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहते. म्हणून किनाऱ्यालगतच्या बावीतून बेताने पाणी काढायचे आणि बाव फार खोल खणायची नाही, ही जुन्या माणसांची शिस्त. पंपाने दिवसभर उपसलेली किनाऱ्याजवळची विहीर उन्हाळ्यात खारी होते ती याच कारणाने. देवबागसारख्या, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर तर विहिरीचे गोडेपण हीच गावाची पुंजी.

बिनमिठाच्या पाण्याला गोड म्हणणे ही फक्त मराठीची रीत नाही. पोर्तुगीज त्याला ‘आग्वा दोस’ म्हणतात, फारसीत ते ‘आब-ए-शीरीन’ असते, आणि दोन्हींचा अर्थ गोड पाणी. ज्या लोकांचा समुद्राशी रोजचा संबंध आहे त्यांच्या जिभेला खारेपणा नसणे हीच गोडी वाटते. इंग्रजीत खलाशी क्वचित ‘स्वीट’ म्हणत, पण रूढ झाले ‘फ्रेश’. या इंग्रजी विशेषणाची व्याप्ती मोठी आहे : न खारवलेली मासळी ‘फ्रेश’, खारे नसलेले पाणीही ‘फ्रेश’, आणि नुकतीच आलेली बातमीही ‘फ्रेश’. मालवणी माणूस इथे दोन विशेषणे वापरतो. पाणी गोडे असते, मासळी ताजी असते. सिंधुदुर्गच्या बावीतले पाणी कितीही शिळे असले तरी ते गोडेच.

जमिनीच्या बाबतीत ‘खारी’ हे विशेषण लागले की तिची किंमत, तिचे पीक आणि तिच्यावरचे कष्ट सगळे बदलते. गड, कर्ली, आचरा, तेरेखोल, वाघोटण अशा नद्यांची मुखे भरतीच्या पाण्याने दिवसातून दोनदा भरतात. काठच्या सखल जमिनीवर हे पाणी पसरते, गाळ सोडते आणि ओहोटीबरोबर, म्हणजे मालवणीत ‘सुकती’बरोबर, परत जाते. अशा जमिनीला खाजण म्हणतात. तिच्यात तिवर आणि चिपीसारखी खारफुटी वाढते. भात वाढत नाही. ती भाताला द्यायची तर समुद्राला अडवले पाहिजे.

अडवण्याची रीत गोव्यापासून रायगडापर्यंत सारखीच आहे. खाडीच्या काठाने चिखलमातीचा बांध घालायचा, जिथे लाटेचा मार बसतो तिथे दगड लावायचे, आणि ठराविक ठिकाणी लाकडी झडप बसवायची. झडप बाहेरच्या बाजूला उघडते. सुकतीला बाहेरची पातळी खाली गेली की आतले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर पडते. भरती आली की तेच समुद्राचे पाणी झडप दाबून बंद करते. माणसाने हात लावायचा नाही, चंद्राच्या वेळापत्रकाने ती आपोआप चालते. गोव्यात या दाराला ‘मानस’ म्हणतात, रायगडकडे ‘उघाडी’. इतकी साधी यंत्रणा इतकी शतके टिकली यातच तिची योग्यता दिसते.

बांध घातला म्हणून जमीन लगेच गोडी होत नाही. जूनच्या पहिल्या सरींनी मातीतले मीठ विरघळते आणि झडपेतून बाहेर जाते. दोन-तीन आठवड्यांच्या जोरदार पावसानंतर वरचा थर भाताला सोसवेल इतका गोडा होतो आणि मग वरच्या कोरड्या जागेत तयार केलेला तरवा, म्हणजे भाताची रोपे, तिथे लावतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. पाऊस संपला की ऊन जमिनीतले पाणी वर ओढते, त्याबरोबर मीठ वर येते आणि जानेवारीत त्याच वाफ्यात पांढरा थर दिसू लागतो. म्हणजे खाजणाची जमीन वर्षातून काही महिने गोडी आणि बाकीचे महिने खारी असते, आणि शेतकऱ्याला या दोन ऋतूंच्या फटीत पीक काढायचे असते. मृदाशास्त्रात मातीच्या अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसिसिमेन्सच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त मानतात. भात त्याआधीच, ३ च्या पुढे, उत्पन्न कमी देऊ लागतो आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे १२ टक्के उत्पन्न घटते. खारपट जमिनीत तगतील अशा भाताच्या जाती निवडणे आणि सुधारणे हे काम आता बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्र करते.

बांधाची खरी परीक्षा उधाणाला होते. अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती आणि वर पावसाचे वारे असा योग आला की बांधात पडलेले खेकड्याचे बीळसुद्धा भगदाड होते. एकदा खारे पाणी आत शिरले की त्या हंगामाचे पीक जातेच, शिवाय जमीन पुन्हा गोडी व्हायला पुढचे एक-दोन पावसाळे लागतात. म्हणून बांधाची डागडुजी हे एका घराचे काम कधीच नव्हते. ज्यांच्या जमिनी आत, त्यांनी मिळून माणसे द्यायची. गोव्यात हे काम गावकरी संस्थांच्या, म्हणजे कोमुनिदादींच्या, हाती असे. सरकारने या कामाची कायद्याने जबाबदारी घेतली ती मुंबई राज्याच्या १९४८ च्या खारजमीन कायद्याने, आणि महाराष्ट्रात पुढे १९७९ चा खारजमीन विकास कायदा आला. ‘खार’ हा शब्द अशा रीतीने खाडीकाठच्या बोलीतून राजपत्रात गेला. पण कायद्याने बांधाला पैसा मिळाला तरी रोज बांधावरून चालत जाऊन बीळ बुजवणारा माणूस मिळतोच असे नाही. घरातली कर्ती माणसे मुंबईला गेल्यावर खाडीकाठचे कितीतरी वाफे पडीक राहिले, बांध फुटले आणि तिथे पुन्हा खारफुटी वाढली. पूर्वी ही हार समजली जायची. आता खारफुटीला संरक्षण आहे, मासळीची पिल्ले तिच्या मुळांत वाढतात हे सर्वमान्य आहे, त्यामुळे त्याच जमिनीकडे पाहण्याची नजर बदलली आहे. तरी ज्याच्या आजोबांनी तो बांध घातला त्याच्या मनात ती अजून ‘खारी झालेली’ जमीन आहे, आणि त्या दुःखाची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही.

खारेपण बाहेर ठेवण्याची जशी कला आहे तशी ते आत घेऊन त्याचे मीठ करण्याचीही. वेंगुर्ला तालुक्यातले शिरोडा हे या जिल्ह्यातले मिठाचे गाव. समुद्राच्या पाण्यात दर किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश खाण्याचे मीठ. मिठागरात खाडीचे पाणी आधी मोठ्या साठ्यात घेतात, मग एकामागून एक उथळ वाफ्यांतून फिरवत आटवतात. वाफ्याचा तळ चिकण मातीचा, तुडवून-ठोकून घट्ट केलेला. पाणी आटू लागले की आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, त्यानंतर शेवटच्या वाफ्यात मिठाचे खडे धरू लागतात. हे मीठ ओढून काढायचे आणि मागे राहिलेले पाणी सोडून द्यायचे, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार उरतात आणि ते कडू असतात. मीठ किती खारे हे नव्हे, तर किती कमी कडू यावर त्याचा कस ठरतो. हा सगळा उद्योग कोरड्या महिन्यांचा, पावसाची पहिली मोठी सर आली की संपणारा.

मिठावरून राज्यकारभार कसा हलतो याचा या भागातला एक जुना, स्पष्ट पुरावा कुडाळशी जोडलेला आहे. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या कारभारावरच्या नरहरी आनंदरावांना मिठाच्या जकातीबद्दल पत्र लिहिले. बारदेशातले, म्हणजे पोर्तुगीज मुलखातले मीठ स्वस्त पडत होते आणि व्यापारी तिकडे वळण्याची भीती होती. तेव्हा बारदेशच्या मिठावर इतकी जकात बसवा की संगमेश्वरकडच्या मिठापेक्षा ते महाग पडावे, असा त्या आज्ञेचा आशय. परदेशी मालावर जकात चढवून आपल्या उत्पादकाला वाचवण्याचे धोरण सतराव्या शतकात इतक्या स्वच्छ शब्दांत मांडलेले क्वचित सापडते. तेही सोन्या-चांदीबद्दल नाही, मिठाबद्दल.

ब्रिटिश अमलात हाच प्रश्न उलटा झाला. वेंगुर्ला सावंतवाडीकडून १८१२ मध्ये इंग्रजांकडे आले. मिठावरचा कर हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिजोरीचा मोठा आधार होता आणि गोव्याचे करमुक्त मीठ तेरेखोल ओलांडून येऊ नये ही सरकारची कायमची काळजी. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात इंग्रजांनी गोव्यातल्या मीठ-उत्पादनाचाच ताबा मिळवला. १८९२ मध्ये मुदत संपल्यावर तो करार पुढे चालवला गेला नाही. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्याशिवाय मीठ तयार करणे गुन्हा ठरले. खाडीच्या काठी आपोआप धरलेले मीठ खरवडून घेणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू होता. कराचा दर वेळोवेळी बदलला. १९२३ मध्ये तो मणामागे सव्वा रुपयावरून एकदम अडीच रुपये केला गेला आणि विरोध इतका झाला की पुढच्याच वर्षी पुन्हा खाली आणावा लागला.

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. महाराष्ट्रात चळवळीची दोन ठळक ठिकाणे होती : मुंबईजवळ विलेपार्ले आणि दक्षिणेला शिरोडा. मे महिन्यात महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले सत्याग्रही शिरोड्याच्या मिठागरांवर गेले, मीठ उचलले, लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंगात गेले. बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी शिरोड्याच्या सत्याग्रहासाठी स्वयंसेवक गोळा केले आणि त्यासाठी त्यांना शिक्षा झाली. त्या काळात कादंबरीकार वि. स. खांडेकर शिरोड्याच्याच शाळेत शिक्षक होते. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावांना घरच्या वापरासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ गोळा करण्याची मोकळीक मिळाली. कर पूर्ण उठला तो १९४७ मध्ये. शिरोड्याच्या लहान मिठागरांवर नंतर संकट आले ते वेगळ्या दिशेने : गुजरातच्या मोठ्या कारखान्यांचे मीठ स्वस्त, आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनयुक्त मीठच विकण्याचे बंधन. खड्याच्या मिठाला मासळी खारवणे आणि माडाला घालणे एवढे गिऱ्हाईक उरले.

मासळी खारवणे हा या विशेषणाचा तिसरा संसार. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या मोठ्या जाळ्याला, एका ओढीत बांगडा किंवा तारली इतकी लागते की ताजी विकून संपत नाही. पोट फाडून, आतडी काढून, कल्ल्यांत आणि अंगात मीठ भरून, थरावर थर लावून ठेवलेला बांगडा पाणी सोडतो. मग तो धुऊन उन्हात वाळवायचा. जंतूंना वाढायला लागणारे पाणी मीठ ओढून घेते, म्हणून खारा बांगडा महिनोन्‌महिने टिकतो. सुकवलेली मासळी सगळीच खारी नसते, हा फरक बाजारात काटेकोर पाळला जातो. गोलमो, म्हणजे बारीक कोळंबी, नुसता उन्हात वाळतो तो ‘सुको’. मिठातून गेलेला बांगडा ‘खारो’. मासळी खारवायला मीठ लागते आणि मिठावर कर, म्हणून ब्रिटिश काळात मद्रास इलाख्यात आणि मुंबई इलाख्याच्या दक्षिण किनाऱ्यावर सरकारी आवारे निघाली. त्यांत मासळी आणून तिथेच खारवणाऱ्याला कमी दराने मीठ मिळे. खारी मासळी आणि मीठ फोंडा, आंबोली, रामघाटातून वर जाई, आणि बैल परतताना देशावरचे धान्य व गूळ आणत.

घरात खारवण्याचे काम मे महिन्यात, आगोटीच्या बेगमीत, जोर धरते. गाबीत मच्छीमारांच्या वस्तीत बांगडे, आणि ज्या घरात मासे नाहीत तिथे खारातल्या कैऱ्या, खारातले फणसाचे गरे. पावसात भाजी मिळत नाही, समुद्र बंद असतो, तेव्हा हे भांडे उघडायचे. रातांब्याचीही दोन रूपे होतात : मीठ घातलेला दाट रस ते आगळ, सोलकढीचा जीव, आणि साखर घातलेले अमृतकोकम. एकाच फळाला खारे आणि गोडे असे दोन्ही मार्ग मिळतात, पण आगळाला साखर महाग असण्याच्या काळाचा आधार होता आणि अमृतकोकमाला पाहुणचाराचा. स्वयंपाकघरात ‘गोडे’ शब्दाचा अर्थ आणखी एका बाजूला सरकतो. गोडे वरण गोड नसते. त्यात तिखट-मसाला नसतो. गोडे तेलही साखरेशी संबंध नसलेले, फक्त खाण्याचे तेल.

भाषेत खाराने वाईट अर्थ घेतले आहेत. कोणावर खार खाणे म्हणजे मनात डूख धरणे, खिशाला खार लागणे म्हणजे नुकसान सोसणे. त्याउलट मिठाने निष्ठा घेतली : खाल्ल्या मिठाला जागणे. एकाच चवीचे हे दोन शब्द असे वाटले गेले, यात खार हा क्षाराचा, म्हणजे चरचरणाऱ्या राखेचा वारसदार आहे हे दिसते.

दोन विशेषणांच्या मधल्या जागेलाही नाव आहे. नदीचे गोडे पाणी आणि भरतीचे खारे पाणी जिथे मिसळते त्या पाण्याला बोलीत ‘मचूळ’ म्हणतात, आणि तो शब्द नापसंतीचा आहे : मचूळ पाण्याने तहान भागत नाही, डाळ शिजत नाही. मत्स्यविभागाच्या कागदांत हेच पाणी ‘निमखारे’ झाले आणि त्याला प्रतिष्ठा मिळाली, कारण खाडीतली कोळंबी, खेकडे, शिंपले यांना तेच मानवते. अलीकडच्या काळात खाडीकाठच्या महिलांचे बचत गट कालवे आणि खेकडे पाळतात ते याच पाण्यात. समुद्रात १९८७ मध्ये जाहीर झालेले मालवण सागरी अभयारण्य आणि खाडीत चाललेली ही शेती, या दोन्हींची भिस्त पाण्यात मीठ किती यावर आहे, आणि तो आकडा भरतीसुकतीबरोबर आणि पावसाबरोबर रोज बदलतो. मच्छीमार तो अजून मीटरने मोजत नाही. होडीतून हात खाली घालून ओंजळभर पाणी तोंडात घेतो, थुंकतो, आणि जाळे टाकायचे की पुढे जायचे ते ठरवतो.